डिपस्टिकच्या दोन खुणा

त्या दिवशी पुढच्या काउंटरवरची मुलगी तापाने फणफणली नसती, तर ती दोघं भेटलीच नसती.

कारण दोघांतल्या मुलीची जागा मागे होती. सर्व्हिस सेंटरच्या अगदी शेवटच्या शेडमध्ये, जिथे काम संपलेल्या गाड्या शेवटच्या तपासणीसाठी येऊन उभ्या राहत. तिथवर गिऱ्हाईक फिरकत नसे. रसायनशास्त्राची पदवी घेऊन गाड्या तपासायला आलेली ही मुलगी चाकातली हवा दोनदा मोजते आणि नट तीनदा, म्हणून सगळ्या वर्कशॉपने तिचं नाव ‘मोजपट्टी’ ठेवलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. खोटं असतं तर आला असता.

तर त्या सकाळी साहेबांनी तिला पुढे बसवलं, आणि पहिलीच गाडी आत आली ती सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेली. गाडीतून एक उंच, किडकिडीत तरुण उतरला. दार त्याने इतक्या अलगद लावलं, जणू आत कुणी झोपलंय.

“पहिली सर्व्हिस,” तो म्हणाला. “ऑइल बदलायचंय.”

“आज नाही बदलायचं.”

“का? संपलंय तुमच्याकडचं?”

“आमच्याकडे आहे. तुमचं अजून चांगलं आहे.” तिने गाडीबरोबर मिळणारं सर्व्हिसचं पुस्तक उघडून त्याच्यापुढे फिरवलं. “हजार किलोमीटर किंवा एक महिना. पाच हजार किंवा सहा महिने. दहा हजार किंवा एक वर्ष. जे आधी होईल ते. पहिल्या दोन खेपांना नुसती तपासणी. ऑइल तिसऱ्या खेपेला.”

“आणि मला आधीच बदलावंसं वाटलं तर?”

“तेलाला वाटायला पाहिजे. तुम्हाला वाटून काय उपयोग?”

तो हसला. हसताना दिसलेले दात इतके नीटनेटके होते की तिला वाटलं, माणूस आरशापुढे तासन् तास घालवत असणार. तेवढ्यात त्यानेच खुलासा केला. “मी दातांचा डॉक्टर. मीसुद्धा लोकांना सांगतो, दर सहा महिन्यांनी या. ते दहा वर्षांनी येतात, तेही गाल धरून. आणि इथे बघा... दिवस उजाडला नाही तर रांग!”

“इथे तारीख चुकली तर वॉरंटी जाते. तुम्हीही दातांना वॉरंटी देऊन बघा.”

“द्यायला देईन हो. पण लोक सुपारीही सोडत नाहीत आणि डॉक्टरलाही.”

तिला हसू आलं. ते लपवायला तिने मान खाली घालून गाडीचा नंबर लिहिला. एक आकडा चुकला. खोडून पुन्हा लिहिला. मोजपट्टीच्या कागदावर खाडाखोड झाल्याची वर्कशॉपमधली ती पहिली नोंद असावी.

त्यानंतर डॉक्टर येत राहिले. चाकात हवा कमी वाटते म्हणून. काच पुसणारा दांडा कुरकुरतो म्हणून. एकदा तर डॅशबोर्डातून खडखड ऐकू येते म्हणून आले, आणि तिने खण उघडला तर आत प्लास्टरचा जबडा. मागे-पुढे घरंगळत हसत असलेला.

“हा तुमचा पार्ट. आमच्याकडे मिळत नाही,” ती म्हणाली.

ते आले की मागच्या शेडमधले काका — वर्कशॉपचे सगळ्यात जुने मेकॅनिक, अठ्ठावीस वर्षं तेलात हात घातलेले — मुद्दाम मोठ्याने हाक मारत, “मोजपट्टी, दातवाले आले गं! कंबर कस!”

“हळू, काका. ऐकू जाईल.”

“जाऊ दे की. दाताला कान नसतात.”

पाच हजारांची दुसरी सर्व्हिस झाली तेव्हा डॉक्टरांनी पुस्तक हातात घेत विचारलं होतं, “आता पुढची?”

“दहा हजार, किंवा वर्ष पूर्ण होईल तेव्हा.”

“जे आधी होईल ते?”

“हो.”

“मग बघू... काय आधी होतंय.” हे बोलताना ते पुस्तकाकडे बघत नव्हते. ती नजर तिने घरी नेली, दोन दिवस कुणाला दाखवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःला बजावलं — बाई, निरीक्षण एक आणि निष्कर्ष दहा, असं कुठल्याच प्रयोगशाळेत चालत नाही.

वर्ष व्हायला अजून बराच अवकाश होता. पण पंधराच आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी, गाडी पुन्हा दारात. भुरभुर पाऊस पडत होता. दहा हजार तीन किलोमीटर झाले होते. ऑइल बदलायची वेळ आली होती... अगदी नियमाने.

काकांनी गाडी वर घेतली, काम केलं, खाली सोडली, आणि अकराच्या सुमाराला ती मोजपट्टीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. डॉक्टर पाठोपाठ आले. गिऱ्हाइकांनी तिथे येऊ नये अशी पाटी होती. ती पाटी ते नेहमी वाचत, आणि मग आत येत.

तिने बॉनेट उघडलं. डिपस्टिक बाहेर ओढली — इंजिनातलं तेल किती आहे ते बघायची ती लांब पातळ पट्टी. पट्टीच्या टोकाशी दोन खुणा असतात, एक खालची, एक वरची. तेल दोन्हींच्या मध्ये असलं की ठीक. याहून सोपी तपासणी सबंध गाडीत नाही.

पट्टी फडक्याने पुसता पुसता ती म्हणाली, “डॉक्टर, एक विचारू?”

“दोन विचारा.”

“दवाखाना घरापासून सहा किलोमीटर. आठवड्यातले पाच दिवस. गुरुवारी घाटापलीकडचा दवाखाना, चौसष्ट किलोमीटर. रविवारी सुट्टी. जाऊन-येऊन आठवड्याचे झाले एकशे अठ्ठ्याऐंशी. पंधरा आठवड्यांचे दोन हजार आठशे वीस.”

“तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असणार.”

“पण गाडी पाच हजार पाच किलोमीटर चाललीय.” तिने पट्टी आत सोडली. “दोन हजार एकशे पंच्याऐंशी जास्त आहेत. कुठे गेला होतात?”

पत्र्यावर पाऊस टपटपत होता. तिने वर बघितलं, तर ते कानापर्यंत लाल झाले होते.

“कुठेच नाही,” ते म्हणाले. “संध्याकाळी दवाखाना बंद केला की नदीच्या पुलापर्यंत जायचो... आणि परत यायचो. कधी कधी दोनदा. वर्ष संपायची वाट बघणं काही जमेना. म्हटलं, महिने आपल्या हातात नाहीत. किलोमीटर तरी आहेत.”

तिने पट्टी बाहेर काढली. पट्टीवर तेल होतं. तिने ती परत आत सारली, तपासणीच्या कागदावर ‘ठीक’च्या रकान्यात खूण केली आणि खाली सही ठोकली. सही नेहमीपेक्षा तिरकी आली.

“तुम्ही काहीच बोलला नाहीत,” ते म्हणाले.

“संध्याकाळी घाटातून परत आलात की... बोलते.”

“नक्की?”

“मी अंदाजे कधी बोलते का?”

अकरा वाजून दहा मिनिटांनी गाडी फाटकातून बाहेर पडली. पुढची चाळीस मिनिटं मोजपट्टीने काय काम केलं, ते तिला कधीच आठवलं नाही.

मग जुन्या तेलाच्या पिंपाशी काका दिसले. तेलाचा ट्रे त्यात रिकामा करत होते. तिची नजर सहज त्या धारेवर गेली, आणि तिथेच थांबली.

धार लाल होती.

“काका, थांबा. ओतू नका.” तिने ट्रेमध्ये बोट बुडवलं, उजेडात धरलं. पातळ, पारदर्शक, डाळिंबाच्या रसासारखं. “हे कुठल्या गाडीचं?”

“कुठल्या म्हणजे? तुझ्या दातवाल्याचं.”

दहा हजार किलोमीटर इंजिनात तापलेलं तेल काळं असतं. काळंच असतं, त्याला अपवाद नाही. लाल असतं ते गिअरबॉक्सचं.

काकांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग बोटाकडे, आणि त्यांच्या हातातला ट्रे कलंडला. ही गाडी नव्या धर्तीची, आपोआप गिअर बदलणारी. पोटाखाली तेल सोडायचे दोन बोल्ट, एकाच मापाचे, एकमेकांपासून चार वितींवर. आणि जुन्या गाड्यांत जिथे इंजिनाचा बोल्ट असायचा, नेमका तिथे हिच्यात गिअरबॉक्सचा. काकांचा हात अठ्ठावीस वर्षं जिथे जात होता तिथेच गेला होता. गिअरबॉक्सचं तेल त्यांनी सोडून दिलं, आणि नवं तेल वरून इंजिनात ओतलं, जुन्या तेलावर. गिअरबॉक्स कोरडा, आणि इंजिन गळ्यापर्यंत भरलेलं.

“पण पोरी, तू पट्टी बघितलीस ना?” काकांचा आवाज खोल गेला होता.

बघितली होती. आता तिला ती लख्ख आठवत होती. ताजं तेल मधासारखं दिसतं. पट्टीवरचं गर्द होतं, आणि दोन्ही खुणा बुडवून वर, चार बोटं वर चढलेलं. डोळ्यांनी सगळं टिपलं होतं. फक्त ती तिथे नव्हती.

तिने फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना डॉक्टर फोन बॅगेत घालून मागच्या सीटवर ठेवत. हे त्यांनी एकदा सांगितलं होतं, आणि तिला ते किती आवडलं होतं! पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा फोन संपर्काच्या बाहेर गेला होता.

साहेब आले. त्यांनी सगळं ऐकलं, घाम पुसला आणि आवाज खाली आणला. “हे बघ, घाबरू नकोस. माणूस सापडला की सांगायचं, कंपनीची सूचना आलीय, एक पार्ट बदलायचाय. गाडी आणायची, तेल भरायचं, द्यायची. झाकली मूठ.”

“गिअरबॉक्स कोरडा फिरलाय, साहेब. आतून घासला असणार. वरून तेल भरून ते भरून येत नाही.”

“ते दिसेल वर्षभराने. तेव्हाचं तेव्हा.”

“वर्षभराने ते घाटात असतील,” ती म्हणाली. “आत्ताही आहेत.” आणि बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या टेम्पोची चावी तिने खिळ्यावरून काढली.

टेम्पो काकांनी चालवला. ती शेजारी बसली, पायांत लाल तेलाचे दोन डबे धरून. काच पुसणारा दांडा एका बाजूचाच चालत होता, काकांच्या. तिच्या बाजूला नुसतं पाणी.

“तेलही गेलं, तूपही गेलं...” काका पुटपुटले.

“काका, गप्प बसा.”

“डोळे बांधून बोल्ट काढायचो गं मी. शर्यती लावायचो.”

“तेच झालं. डोळे बांधूनच काढलात.”

काकांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, “आणि तू?”

“मी उघडे ठेवून.”

ती मनात आकडे मांडत होती. डॉक्टर पन्नासच्या वर कधी जात नाहीत. निघाले अकरा दहाला. घाटाचा पायथा छत्तीस किलोमीटरवर. म्हणजे तिथे पोचले अकरा त्रेपन्नला. आता वाजले होते बारा पंचवीस. घाटाच्या माथ्यावरून गाडी उतरायला लागली असणार. ओला रस्ता. आणि उतारावर ज्याच्या भरवशावर गाडी आवरायची, तो गिअरबॉक्स कोरडा ठणठणीत. तिने सगळं पुन्हा मांडलं. उत्तर तेच आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, देवा, माझं गणित चुकू दे.

पायथ्याच्या अलीकडे, मोठ्या चिंचेखाली, पिवळे दिवे लुकलुकत होते.

“तीच!” काका ओरडले, आणि टेम्पो पूर्ण थांबायच्या आत ती खाली उतरली.

गाडी बाजूला लावलेली. बॉनेट उघडं. शेजारी डॉक्टर, डोक्यावर छत्री, पायांत चिखल. तिला बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की तिला तो बघवेना.

“अहो, इतक्या लवकर कशा आलात? मी फोनसुद्धा करू शकलो नाही. इथे रेंजच नाही. तुम्हाला कळलं कसं?”

“तुम्ही... थांबलात का?”

“आवाज. ड्रिलचा सूर जरा बदलला तरी माझा हात आपोआप थांबतो, सवयच आहे. ही तर विसाव्या किलोमीटरपासून वेगळंच रडत होती. मागून धूरही दिसायला लागला.”

“विसाव्यापासून? मग तेव्हाच का नाही थांबलात?”

“कागदावर तुमची सही होती ना!” ते सहज म्हणाले. “म्हटलं, आपलेच कान वाजताहेत. हळूहळू चालवत राहिलो.”

छत्रीवरून पाणी गळत होतं. काका टेम्पोपाशी पाठ करून उभे होते, दोर सोडवल्यासारखं करत. साहेबांचं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, गुळगुळीत, दोन घासांचं — कंपनीची सूचना आलीय. ते म्हटलं की हा चेहरा असाच उजळलेला राहील. संध्याकाळी ते परत येतील, आणि ती बोलेल...

“डॉक्टर,” ती म्हणाली, “तुमच्या गिअरबॉक्समध्ये तेल नाहीये. आम्ही चुकून ते काढलं. आणि इंजिनात दुप्पट भरलंय. चूक आमची आहे. गिअरबॉक्स आतून खराब झाला असणार, नुसतं तेल घालून तो नीट होणार नाही.”

त्यांना समजायला वेळ लागला. “पण शेवटी तुम्ही तपासलंत. माझ्यासमोर. ती पट्टी...”

“हो.”

“त्यात कळत नाही?”

“कळतं. कुणालाही कळतं.”

“मग?”

“पट्टी हातात होती. लक्ष नव्हतं.”

“कुठे होतं लक्ष?”

तिने ओठ आवळले. मग सरळ त्यांच्याकडे बघितलं. “तुमच्याकडे.”

असं सांगायचं असतं का हे? तिने मनात शंभरदा वेगळं सांगितलं होतं — कुठे बाकावर बसून, कुठे चहा पिताना, हसत, लाजत. भर रस्त्यात, चुकीचा कबुलीजबाब म्हणून नव्हे. डॉक्टरांनी छत्री मिटली. का मिटली ते त्यांनाही कळलं नसावं. पाऊस पडतच होता.

“घाटात बारा वळणं आहेत,” ते हळूच म्हणाले.

“तेरा,” सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने जीभ चावली.

“तेरा. आणि येताना मागच्या सीटवर वरच्या गावच्या एक आजी असणार होत्या. कवळी बसवायला आणत होतो. म्हणाल्या होत्या, डॉक्टर, तुमच्या गाडीतून येते, मला बसची भीती वाटते.”

तेवढ्यात घाटाकडे जाणारी बस मागून आली. त्यांनी हात केला, मागच्या सीटवरून बॅग काढली, गाडीची चावी तिच्या तळहातावर ठेवली. बोटं लागू न देता.

“तुम्ही खरं सांगितलंत, ते बरंच केलंत. पण आत्ता... मला तुमच्याशी बोलता येणार नाही.”

बस गेली. काकांनी न बोलता गाडी टेम्पोला जोडली. परतीच्या वाटेवर ते एकदाच म्हणाले, “साहेबाला माझं नाव सांग. तुझं लग्नाचं वय आहे, माझं पेन्शनचं.”

“दोघांचं सांगणार आहे,” ती म्हणाली. “आणि लग्नाचं काढू नका.”

त्या संध्याकाळी तिने डॉक्टरांचं सर्व्हिसचं पुस्तक उघडलं आणि दहा हजारांच्या पानावर काय काय झालं ते क्रमाने लिहिलं. खाली सही केली. या वेळी सरळ आली. काकांनी तिच्या सहीशेजारी आपलं नाव घातलं, एकेक अक्षर दाबून.

साहेबांनी पान वाचलं आणि चष्मा काढला. “हे गिऱ्हाइकाच्या पुस्तकात राहणार. म्हणजे आता गिअरबॉक्स नवा बसवून द्यावाच लागेल.”

“म्हणूनच तिथे लिहिलं.”

“नोकरी नकोशी झालीय का?”

“हवी आहे, साहेब. पण सहीला अर्थ नसेल, तर माझं काम काय उरलं इथे?”

साहेब खूप वेळ पेन टकटकवत बसले. दुसऱ्या दिवशी दोघांना लेखी समज मिळाली, आणि नवा गिअरबॉक्स मागवला गेला. काकांनी पिवळ्या रंगाचा डबा आणला, आणि त्या मॉडेलची जी गाडी वर चढेल तिच्या गिअरबॉक्सच्या बोल्टवर आधी ठिपका देऊ लागले. आता ते डोळ्यांवर चष्मा लावत. कुणी हसलं तर म्हणत, “हस. तुझीही अठ्ठावीस होतील.”

डॉक्टरांचा फोन नाही. त्यांनी जे काही विचारायचं ते साहेबांना विचारलं, तेही दोनदाच. घरी आई ताट वाढून समोर बसे. “शितं मोजतेयस का? जेव की.” चौथ्या दिवशी आईने विचारलं, “कुणी काही बोललं का तुला?”

“नाही, आई. कुणी काहीच बोलत नाहीये.”

आईने तिच्याकडे जरा बघितलं, आणखी एक पोळी वाढली, आणि शहाणपणाने पुढे विचारलं नाही.

बाराव्या दिवशी गाडी तयार झाली. दुपारी डॉक्टर ती न्यायला आले. शेडच्या तोंडाशी पाटी होती. ते थांबले, त्यांनी ती वाचली... आणि आत आले नाहीत. बाहेरच उभे राहिले. मग तिच्या लक्षात आलं, त्यांच्या हातात ते पुस्तक आहे, उघडलेलं. ते वाचत होते. एक पान वाचायला माणसाला इतका वेळ लागतो?

शेवटी तीच बाहेर गेली.

“गाडी तुम्ही तपासलीत?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“नाही. अलीकडच्या शेडमधल्या तपासनिसाने. माणूस चोख आहे. मी यापुढे तुमची गाडी तपासणार नाही, तसं साहेबांना लिहून दिलंय.”

“शिक्षा म्हणून?”

“नियम म्हणून. माझा मीच केला.” तिने घसा साफ केला. “तुम्ही समोर असलात की मला नीट दिसत नाही. हे एकदा सिद्ध झालंय. पुन्हा प्रयोग करून बघण्यात शहाणपण नाही.”

त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, “‘चुकीचे कारण : तपासणीच्या वेळी तपासनिसाचे लक्ष अन्यत्र होते.’ अन्यत्र... हे साहेबांनी वाचलं?”

“वाचलं. विचारलंसुद्धा, अन्यत्र म्हणजे कुठे.”

“मग?”

“म्हटलं, तो खुलासा गिऱ्हाइकाला तोंडी दिलेला आहे.”

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्यांनी तो आवरला. “मी खूप रागावलो होतो. आजींना बसने आणलं त्या दिवशी. सगळा वेळ माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. रोज ठरवायचो, गाडी आली की उचलायची आणि दुसरं सेंटर गाठायचं. मग रात्री पडल्या पडल्या वाटायचं... ती खोटं बोलू शकली असती. मला काडीचं कळलं नसतं. उलट मी धन्यवाद देऊन गेलो असतो.”

“त्याचीच भीती वाटली मला. तुमच्या धन्यवादाची.”

आत काकांच्या पान्याचा आवाज येत होता, आणि मग अचानक यायचा थांबला. काका कान देऊन ऐकत असणार.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. “आमच्यातही असा एक नियम आहे. पुस्तकात नाही, पण सगळे पाळतात. घरच्या माणसाच्या दाताला हात लावायचा नाही. बहिणीची दाढ मी मित्राकडे पाठवून काढली. आपलं माणूस खुर्चीत असलं की हात धड चालत नाही. दिसत नाही नीट.”

“बरोबर आहे नियम.”

“हो ना? म्हणून म्हटलं...” त्यांनी खिशातून पेन काढलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. “तुम्हाला पुढेमागे कधी दाढ वगैरे दुखली, तर माझ्याकडे येऊ नका. त्या मित्राचा पत्ता देऊन ठेवतो.”

तिला आधी अर्थ लागला नाही. मग लागला, आणि कानशिलं तापली. आत काहीतरी लोखंडी खाली पडल्याचा दणदणीत आवाज झाला.

ते पत्ता लिहायला कागद शोधत होते. वरचा खिसा, खालचा खिसा, पुन्हा वरचा. तिने तेलकट हातमोजे काढले, नीट जोडून खिडकीच्या कडेवर ठेवले.

“पत्ता राहू दे,” ती म्हणाली. “तुम्हीच घेऊन चला.”

डॉक्टरांनी झटकन वर बघितलं. आवाज एकदम दवाखान्यातला झाला. “का? दुखतेय का दाढ?”

“नाही,” ती म्हणाली. “एकही नाही.”